चित्रातल्या दंडावरची खूण

लोक विचारतात, "मास्तर, जन्मभर केलंत काय?" मी सांगतो, "श्वापदाची शिंगं मोजली." हसतात. हसू देत. नव्या करारातलं शेवटचं पुस्तक, दर्शनाचं, ते उपदेशकांच्या वर्गाला शिकवणं हे माझं काम होतं. आपले महाराज गादीवर बसले त्याच्या पुढल्या वर्षी मी कोल्हापुरात मिशनच्या वर्गावर रुजू झालो आणि गेल्या उन्हाळ्यात डोळ्यांनी साथ सोडली म्हणून सुटलो. बाकीचे मास्तर शुभवर्तमानातले दाखले शिकवत, प्रेषितांची पत्रं शिकवत. शेवटचं पुस्तक कोणालाच नको असे. नवा माणूस म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं, आणि पुढं पुढं ते इतकं माझं झालं की दुसऱ्या कोणी त्यावर बोलायला घेतलं तर माझ्या कपाळाला आठी पडायची.

नाताळ अंकाच्या संपादकांनी "सेवेतील गोड आठवणी" मागितल्या आहेत. गोड अशा एकदोन आहेत, त्या आधी उरकून टाकतो. खरं सांगायचं आहे ते गोड नाही. ज्यांच्याशी त्याचा संबंध होता ती माणसं सोडली तर चारचौघांत ते मी आजवर बोललेलो नाही. घरात माझ्या बायकोला ठाऊक होतं, ती आता नाही.

ज्यांनी हे पुस्तक कधी उघडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. योहान नावाचा एक भक्त रोमी सरकारनं एका बेटावर नेऊन ठेवला होता. तिथं त्याला दर्शनं झाली. शिक्के मारलेली गुंडाळी, चार रंगांचे चार घोडे, समुद्रातून वर येणारं सात डोक्यांचं श्वापद. त्या श्वापदाची खूण ज्याच्या उजव्या हातावर किंवा कपाळावर नाही, त्याला बाजारात काही विकता येत नाही की विकत घेता येत नाही. सगळं बोलणं हे असं चित्रांतलं. वाचणारा दोनच गोष्टी करतो. एक तर घाबरून पुस्तक मिटतो, नाहीतर आजूबाजूला बघून "हे म्हणजे ते, आणि ते म्हणजे अमुक" असं जुळवत सुटतो. या दोघांच्या मधून वाट काढणं, हा माझा धंदा. हे ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं ती माणसं कोण होती, ती कशाला भ्यायली होती, आणि हे चित्र ऐकून त्यांना धीर कसा आला, हे आधी शोधायचं. मग आपल्याकडे वळायचं. उलटं केलं की घोटाळा झालाच म्हणून समजा.

वर्गात एकदा मालवणकडचा एक गडी होता. शेवटी नवं आकाश, नवी पृथ्वी येते आणि समुद्र उरत नाही, असं मी शिकवत होतो. हा पठ्ठ्या उठून उभा राहिला. "मास्तर, समुद्र नाय तर आम्ही खावचा काय?" वर्ग हसून लोळला. मीही हसलो. पण प्रश्न चोख होता. मी त्याला म्हटलं, "अरे बाबा, बेटावर कोंडलेल्या म्हाताऱ्याला समुद्र म्हणजे मासे नव्हेत. आपली माणसं पलीकडे आणि आपण इकडे, मधे आहे तो समुद्र. तो उरणार नाही." गडी खाली बसला, पण त्याचं समाधान काही झालं नव्हतं.

दुसरी गोष्ट हुसेनभाईंची. हुसेनभाई हे आमच्या गल्लीतले नालबंद. त्यांचे वडील, आजे पागेतल्या घोड्यांना नाल मारत आलेले. चार घोड्यांतल्या चौथ्याचा रंग आमच्या मराठी पुस्तकात फिकट असा दिलाय. मिशनचे साहेब म्हणाले, मूळ ग्रीक शब्दात हिरवटपणा आहे. हिरवट घोडा? मी सरळ हुसेनभाईंकडे गेलो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असा रंग घोड्याला नसतोय मास्तर. आजारी माणसाच्या तोंडाला असतोय." मी तडक घरी येऊन ते वहीत लिहून ठेवलं. त्या घोड्यावर मरण बसलेलं आहे. इतका नेमका अर्थ मला दुसऱ्या कोणी सांगितला नव्हता. तेव्हापासून काहीही अडलं की मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसे. आम्हा दोघांचा धर्म वेगळा, पण शेवटच्या दिवसाचं भय दोघांनाही सारखंच.

आता चित्राचं सांगतो.

रविवारी वर्गातली मुलं घेऊन मी आसपासच्या गावांत जात असे. वाचता येणारी माणसं थोडी. म्हणून माझ्या डोक्यात आलं की या पुस्तकाचा एक मोठा कापडी पट करून घ्यावा. साहेबांना कल्पना पसंत पडली. गोविंदा चितारी नावाचा माणूस होता, गणपती रंगवायचा, तालमींच्या भिंतींवर मारुती काढायचा. हात देवानं दिलेला. त्यानं श्वापद असं काढलं की बायका पदर तोंडावर घेत. त्याच्या पायाशी माणसांची रांग काढायची होती, खूण लागलेली. गोविंदा म्हणाला, "मास्तर, ह्या सगळ्यांच्या हातांत पाट्या न् बोचकी हायती. तळवा दिसत न्हाय, कपाळावर पटकं हायती. खूण काढू कुठं?"

"दंडावर काढ," मी म्हटलं.

"कसली काढू?"

मी त्या वेळी साहेबांसाठी चौकटीखालची अक्षरं लिहीत होतो. मान वर न करता म्हणालो, "काढ काहीतरी गोल. लांबून दिसली म्हणजे झालं."

गोविंदाच्या स्वतःच्या दंडावर लहानपणी देवी टोचल्याचा व्रण होता. त्यानं तोच बघून काढला. गोल, मधे खोलगट, कडा जरा उचललेल्या. रांगेतल्या प्रत्येक माणसाच्या उजव्या दंडावर. मी पाहिलं. मला तो व्रण ओळखू आला, हे मी आज कबूल करतो. "चांगली उठून दिसते," एवढंच मी बोललो. शास्त्रात हात आहे, दंड नाही. कसली खूण ते शास्त्र सांगत नाही, आणि न सांगण्यात अर्थ आहे. हे सगळं मी वर्गात घसा कोरडा करून सांगत असे. चित्र झकास झालं होतं म्हणून तिथं मात्र सोडून दिलं.

पट गाजला. तीन वर्षं तो मी गावोगाव उलगडला. त्याच्या नकला करून मिशनच्या दुसऱ्या ठाण्यांवर गेल्या. माझं नावच पटाचे मास्तर पडलं, आणि ते मला गोड लागायचं.

गगनबावड्याच्या रस्त्याला, कळे गावाच्या पुढं एक वाडी आहे. नाव लिहीत नाही, माणसं हयात आहेत. तिथं आमच्या ख्रिस्ती मंडळीची सात घरं. त्यांचे वडीलधारे सत्वोबा. अक्षरओळख नाही, पण शेवटचं पुस्तक माझ्याकडून ऐकून ऐकून सगळं तोंडपाठ. मी पट उलगडला की सत्वोबा काठीनं एकेक चित्र दाखवत आणि मी चुकलो तर मला थांबवत. त्यांचा एकुलता मुलगा भीवा. भीवा गुळव्या होता. कढईतला रस कधी उतरवायचा ते ठरवणारा माणूस, गुऱ्हाळाचा सगळा भरवसा त्याच्यावर. बोलायला अगदी कमी. त्याची बायको हौसा मात्र तिखट. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवलो तेव्हा ती म्हणाली होती, "मास्तर, त्या श्वापदाची सात डोस्की कशाला मोजतासा, आमच्या सासऱ्याचं एकच डोस्कं आदुगर समजून सांगा की."

मग प्लेग आला. पहिलं वर्ष शहरानं सोसलं. दुसऱ्या वर्षी तो नदी ओलांडून खेड्यांत शिरला. उंदीर पडले की लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहत. दरबारानं टोचणीसाठी डॉक्टर पाठवायला सुरुवात केली. प्लेग होऊ नये म्हणून दंडात सुई देत. दंड सुजे, दोन दिवस ताप येई, मग माणूस उठे. टोचून घेतलेल्याला एक कागद मिळे. शहराच्या नाक्यावर तो दाखवला की गाडी आत सोडत. कागद नसला तर बाहेर थांबायचं.

गुळाचे दिवस होते. गाड्या भरून उभ्या, आणि पेठ कोल्हापुरात. कळ्याला डॉक्टर आला तेव्हा आसपासची माणसं थोडी कुरकुर करून का होईना, गेली. आमच्या वाडीतलं एकही माणूस गेलं नाही. निरोप आला तसा मी निघालो.

सत्वोबांच्या झोपडीपुढं सगळे जमले होते. मला बघून म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "बसा मास्तर. तुमचीच वाट बगत हुतो. आता ह्यास्नी सांगा तुम्ही. दंडावर खूण करत्यात, हे खरं का न्हाय?"

"टोचतात, सत्वोबा. खूण नव्हे ती."

"गोल सूज येतीया. म्या डोळ्यांनी बगितली पाटलाच्या दंडावर. आनि ती आसल्याबिगर पेठंत गूळ इकता येत न्हाय. हे खरं का न्हाय?"

"खरं आहे, पण—"

"मग आनि ऱ्हायलं काय? शास्तरात हाय ते समदं जुळलं की."

मी माझा धंदा चालवला. तासभर बोललो. हात म्हणजे माणूस जे करतो ते, कपाळ म्हणजे जे मनात धरतो ते. ज्याच्या भयानं तू वागतोस त्याची खूण तुझ्यावर आहे, मग कातडीवर काही असो वा नसो. ज्या काळी हे लिहिलं त्या काळी बादशहाला देव म्हणा, नाहीतर उपाशी मरा, असा कारभार होता. डॉक्टर तुम्हाला कोणाला नमस्कार करायला सांगत नाही. तो तुमचा जीव वाचवायला आला आहे. मला वाटतं मी चांगलं बोललो. लोक माना हलवत होते. हौसा सगळ्यांत पुढं, पोरगी मांडीवर घेऊन, माझ्या तोंडाकडे टक लावून होती.

सत्वोबा शेवटी म्हणाले, "समदं पटतंय. येकच सांगा. तुमच्या पटात ती दंडावर गोल खूण काढलीया, ती कसली मग?"

सगळी वाडी माझ्याकडे बघायला लागली.

एवढंच म्हणायचं होतं: "सत्वोबा, ती चितार्‍यानं आपल्या दंडावरचा व्रण बघून काढली. माझं लक्ष होतं, आणि मी चालू दिलं. ते चुकलं." एवढ्यानं काम झालं असतं. पण त्या पटाच्या नकला चार जिल्ह्यांत होत्या. साहेबांनी विलायतेला त्याबद्दल लिहिलं होतं. तीन वर्षं या माणसांपुढं मी काठी घेऊन उभा राहिलो होतो. मी म्हणालो, "चित्र चित्राच्या जागी बरोबर आहे. तुम्ही त्याचा अर्थ सावकाश समजून घ्या."

"बरोबर हाय म्हंता न्हवं?" सत्वोबा म्हणाले. "मग झालं."

मी परत निघालो तेव्हा भीवा बांधापर्यंत पोचवायला आला. त्याच्या अंगाला काकवीचा वास होता. बांधाशी आल्यावर तो थांबला. मग म्हणाला, "मास्तर, डाक्टर उद्याचा दीस हाय कळ्याला. म्या घेऊ का टोचून? तुम्ही सांगचाल तसं."

मी काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "वडिलांचं मन मोडू नकोस भीवा. आठ दिवसांनी डॉक्टर पुन्हा येणार आहे. तोवर त्यांची समजूत पटेल. तेव्हा सगळेच मिळून घ्या."

"बरं," भीवा म्हणाला. तो माझं ऐकणारा माणूस होता.

कोल्हापुरात आल्यावर मी हुसेनभाईंच्या पायरीवर बसून हे सगळं फुशारकीनं सांगितलं. रूपक कसं फोडून दाखवलं, लोकांनी कशा माना हलवल्या. ते एका घोड्याचा खूर मांडीवर घेऊन कानशीनं घासत होते. ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचा दंड दाखवला का त्यास्नी?"

"माझा दंड कशाला?"

"टोचलेला. सूज आलेला. बगा म्हनावं, मी घेतली, मी काय सैतानाचा झालो का?"

मी सदऱ्याची बाही खाली ओढली. हुसेनभाईंनी खूर खाली सोडला. "मास्तर, टोचलं न्हाय तुम्ही?"

नव्हतं टोचलं. वर्गाची परीक्षा जवळ आली होती, ताप येतो म्हणून मी पुढं ढकललं होतं. खरं म्हणाल तर मला सुईचं भय वाटत होतं. हुसेनभाईंनी मात्र पहिल्याच दिवशी सगळं घर नेऊन टोचून आणलं होतं, म्हाताऱ्या आईसकट.

"मग त्या खेड्यातल्या मानसांनी तुमचं काय बगून टोचावं, सांगा की," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. पुन्हा खूर उचलला आणि कानस चालवायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मी टोचून घेतलं. दोन दिवस तापानं अंथरुणावर पडलो, आणि पडल्या पडल्या त्या पटावरची रांग डोळ्यांपुढं येत राहिली. तिसऱ्या दिवशी अंगात जरा बळ आलं तसा सदऱ्याची बाही वर गुंडाळून निघालो. वाटेत मनात वाक्यं जुळवत होतो. या खेपेला पहिलंच वाक्य असणार होतं, चित्र चुकलं.

वाडीच्या अलीकडच्या गुऱ्हाळावर कढईखालचं चुलवण थंड होतं. भरल्या दिवसांत थंड चुलवण मी कधी पाहिलं नव्हतं. तिथला एक गडी म्हणाला, "मास्तर, भीवाला काल सांजच्याला माती दिली. दोन दिसांत आटोपलं. जांघंत गाठ आली हुती."

माळावर पोचलो तर सगळे तसेच बसलेले, गेल्या खेपेला बसले होते तसेच. सत्वोबा खाली मान घालून होते. हौसा झोपडीच्या कुडाला टेकून बसली होती. मी जुळवलेली वाक्यं सगळी गेली. मी त्यांच्या मधोमध उभा राहिलो आणि म्हणालो, "चित्र चुकलं. दंडावरची ती खूण शास्त्रात नाही. चितार्‍यानं स्वतःच्या दंडावरची देवीची खूण काढली, मी बघितलं आणि चांगली दिसते म्हणून ठेवली. परवा तुम्ही विचारलंत तेव्हा मला ठाऊक होतं. लाजेनं सांगितलं नाही. हा माझा दंड बघा, मी टोचून घेतलंय. आधी घ्यायला हवं होतं, तेही घेतलं नव्हतं."

सत्वोबा उठले. माझ्या सुजलेल्या दंडाला त्यांनी हात लावला, बोटांनी ती सूज गोल चाचपली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "हेच परवा का न्हाय बोललासा?"

प्लेग कोणाला गाठील आणि कोणाला नाही हे देव जाणे. दुसऱ्या दिवशी टोचून भीवा वाचलाच असता असं डॉक्टरही सांगू शकला नाही. मी विचारलं होतं त्याला. तो म्हणाला, कदाचित. हा एक शब्द घेऊन मी इतकी वर्षं जगलो आहे.

त्याच आठवड्यात डॉक्टर कळ्याला परत आला. वाडीतली सगळी माणसं गेली. मी त्यांच्याबरोबर चाललो. हौसानं पोरीला पुढं केलं, मग स्वतःचा हात. सत्वोबा तेवढे दूर झाडाखाली बसून राहिले. मी त्यांना बोलवायला गेलो.

"तुम्हीही चला, सत्वोबा."

"न्हाय," ते म्हणाले. "माझ्या पोराला ज्ये मिळालं न्हाय, ते म्या कशापायी घेऊ?"

त्यांना प्लेग झाला नाही. त्यानंतर ते सहा वर्षं जगले. मी वाडीत जात राहिलो. दर खेपेला त्यांनी मला पाणी दिलं, गूळ दिला, घोंगडं अंथरलं, घरच्यासारखं वागवलं. पण शास्त्रातला एक प्रश्न म्हणून पुन्हा मला विचारला नाही. मी शिकवायला लागलो की डोळे मिटून ऐकत आणि शेवटी "बरं" म्हणत. लोकांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. ते "बरं" मला फार लागे.

पटाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. मी साहेबांपुढं सगळं सांगितलं. साहेब भले माणूस. ते म्हणाले, फक्त दंड पुन्हा रंगवून घ्या. मी म्हटलं, दंड रंगवून होईल, बाकीचं कसं रंगवू? शेवटी तो पट गुंडाळून कपाटात गेला. बाहेर गेलेल्या नकलांसाठी मी पत्रं लिहिली. काहींची उत्तरं आली, काहींची आली नाहीत. कुठं कुठं तो अजून उलगडला जात असेल. एखाद्या माळावर एखादा मास्तर काठी त्या गोल खुणेवर टेकवून उभा असेल, आणि त्याला काही ठाऊकही नसेल.

वर्गात मात्र मी बदललो. पूर्वी माझा सगळा भर अर्थ सांगण्यावर होता. नंतर मुलांना आधी विचारायला लागलो, "तुझा हा अर्थ ऐकून समोरचा माणूस उद्या सकाळी काय करील?" मुलं गोंधळत. एकानं साहेबांकडे तक्रारही केली, मास्तर पुस्तक सोडून भलतंच विचारतात म्हणून. खडूनंसुद्धा मी फळ्यावर पुन्हा श्वापद काढलं नाही. कोणी हट्ट धरला तर सांगे, ते ऐकायचं आहे, बघायचं नाही. ज्यानं लिहिलं त्यानं त्याला रूप दिलं नाही असं नव्हे, पण त्याचं रूप एका जागी बसत नाही. मी ते आणून गुळव्याच्या दंडावर बसवलं होतं.

आता शेवटचं. सत्वोबा गेले त्यानंतरची गोष्ट. हौसा आमच्या बायकांच्या वर्गात येऊन वाचायला शिकली होती. बोट अक्षराखाली धरून, ओठ हलवत वाचायची. तिची पोरगी आता तिच्या खांद्याला लागली होती. एका दुपारी मी वाडीत गेलो तर हौसा म्हणाली, "मास्तर, बसा. आज म्या वाचती, तुम्ही ऐका."

तिनं पुस्तकाची शेवटची पानं काढली. हळूहळू वाचत ती त्या जागी आली, जिथं देव आपल्या माणसांत राहायला येतो आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी न् पाणी स्वतः पुसतो, आणि मग मरण उरत नाही. तिथं ती थांबली. हात सपाट पानावर ठेवला.

शिकवायची खोड मोठी वाईट. त्या ओळीवर माझी तीन पानं टिपणं होती. डोळे म्हणजे काय, पुसणं म्हणजे काय, जुन्या संदेष्ट्यांत हेच चित्र कुठं येतं, सगळं जिभेवर. मी बोलायला तोंड उघडलं. "हौसा, आता इथं पुसणं म्हणजे—"

"न्हाय मास्तर," ती म्हणाली. "ह्येचा अर्थ सांगू नगासा."

मी थांबलो.

"श्वापद म्हंजी श्वापद न्हवं म्हनालासा. खूण म्हंजी खूण न्हवं. समुद्र म्हंजी समुद्र न्हवं. समदं ऐकलं, समदं मानलं. तुमच्यावर माझा राग न्हाय, हुता तवा लई हुता. पर ह्ये पुसणं म्हंजी पुसणंच. माझं डोळं आनि त्येचा हात. ह्यात तुम्ही काय घालू नगासा आनि काय काढू नगासा."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला माझं होय हवं होतं. ज्या माणसानं तिच्या नवऱ्याला आठ दिवस थांब म्हणून सांगितलं, त्याच माणसाकडून हवं होतं. मला त्या ओळीचं जे ठाऊक होतं ते सगळं मी शोधून पाहिलं. तिला नाही म्हणण्यासारखं त्यात काही सापडलं नाही.

"व्हय, हौसा," मी म्हणालो. "पुसणं म्हणजे पुसणंच."

तिनं पानावरचा हात काढला, बोट पुन्हा ओळीखाली धरलं आणि पुढं वाचायला लागली. मी ऐकत बसलो.